न उघडलेली होडी

प्रिय दादा,

वरचा शब्द सवयीने लिहिला गेला. खोडला नाही, एवढंच समज. फोन तू उचलत नाहीस. वहिनी उचलते आणि सांगते, ‘ते आंघोळीला गेलेत.’ इतक्या आंघोळी तू जन्मात केल्या नव्हत्यास. होड्यांच्या कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस तू, डांबराच्या वासातच जेवायचास आणि त्याच वासात झोपायचास. म्हणून शेवटी कागद घेतला. पत्र आलं की ते तुला हातात तरी घ्यावं लागेल, आणि हातात आलेली वस्तू न उघडता ठेवणं तुला जमत नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मी चिडून लिहितेय. वाचताना माझा आवाज चढलेला आहे असं धरून चाल.

आधी तुझ्या लेकीची खबर, कारण ती तुला माझ्याशिवाय कोणी देणार नाही. भिंगरीची होडी होत आली. येत्या पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला ती पाण्यात उतरेल आणि तिथून थेट उघड्या समुद्रात निघेल. एक खिळा नाही, एक स्क्रू नाही. सगळ्या फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या, माझ्या पुस्तकात लिहिलंय तश्शा. माझ्या शिवलेल्या होडीतून आम्ही गेलो होतो त्याच्या दुप्पट लांबचा पल्ला तिने ठरवलाय. मागून मोटरबोट ठेव म्हटलं, तर म्हणाली, ‘आत्याने घेतली होती का? मग मी कशाला घेऊ?’ फळ्याही तिने माझ्यापेक्षा बारीक घेतल्यात आणि आतल्या फासळ्या कमी ठेवल्यात, कारण चौथ्या प्रकरणात मी तसं चालतं असं लिहिलंय. ते प्रकरण तिला तोंडपाठ आहे. आपल्या घरात दुसरं कोणी ते वाचलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, तू तर नाहीच. आता वाटतं, तू ते नीट वाचलं होतंस, ओळ न् ओळ.

तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणजे काय करतात, हे मी तुला कधी धड समजावून सांगू शकले नाही. कारखान्यात गिऱ्हाईक आलं की तू माझ्याकडे बोट करून सांगायचास, ‘ही आमची पंडितबाई. जुन्या करवतींचे दात मोजते.’ सगळे हसायचे आणि मीही हसायचे, कारण ते अगदीच खोटं नव्हतं. माझं म्हणणं साधं होतं. माणसांनी काय केलं ते कुठेतरी लिहिलेलं सापडतं. कसं केलं ते मात्र हातांना विचारावं लागतं. म्हणून मी वाचनालयातली खुर्ची सोडून परत बाबांच्या कारखान्यात आले आणि रंधा हातात घेतला. विद्यापीठात मला सुतारीण म्हणायचे आणि कारखान्यात प्राध्यापकीण. धड इकडची नाही, धड तिकडची नाही. दोन्हीकडे मला आपली म्हणणारा एकटा तू होतास. हे मी आज चिडलेली असतानाही लिहितेय, कारण ते खरं आहे, आणि ते खरं आहे म्हणूनच मला इतकं लागलंय.

शिवलेली होडी बाबांनीही डोळ्यांनी पाहिली नव्हती. त्यांच्या आजोबांनी शेवटची शिवली होती. मग खिळा आला आणि दोरी गेली. पण टाका कसा घालायचा ते बाबांना येत होतं. दोन फाटकी पोती घेऊन त्यांनी तो आपल्याला अंगणात शिकवला होता. तू दोरी इतकी ओढायचास की ती तुटायचीच, आणि मग पोत्यावर राग काढायचास. तुला दोरी कधी आवडलीच नाही. तुला पक्कं, न हलणारं, एकदा चिकटलं की जन्मभर न सुटणारं काहीतरी हवं असायचं. बाबांनंतर तू मागच्या शेडमध्ये फायबरच्या होड्या सुरू केल्यास तेव्हा मला वाईट वाटलं, पण मी तुला बोलले नाही. पोट त्यावर चालत होतं. भिंगरी मात्र बोलली. ‘बाबा, तुम्ही होड्या नाही बनवत, बादल्या बनवता’, असं सगळ्या कामगारांदेखत म्हणाली आणि माझ्याकडे राहायला आली. तेव्हापासून तुमच्या दोघांची तोंडं दोन दिशांना. पोरीची जीभ माझ्यावर गेली, असं वहिनी म्हणते. गेली असेल.

आता सरांची गोष्ट. तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून एकदा सलग ऐक. सर म्हणजे माझे गुरू, ज्यांच्या हाताखाली मी हा विषय शिकले आणि ज्यांच्याशी आयुष्यभर भांडले. त्यांचं मत असं की शिवलेली होडी किनाऱ्याकिनाऱ्याने जाण्यापुरती. तिचे सांधे लाटेबरोबर हलतात, हललेच पाहिजेत, आणि हलतात म्हणून पाणी आत येतं. एक माणूस सारखं पाणी उपसत बसतो. उघड्या समुद्रात ती टिकायची नाही. माझं म्हणणं उलट होतं. दोरी पुरेशी आहे. जुनी माणसं अशाच होड्यांतून समुद्र ओलांडून गेली. दोघांकडेही पुरावे होते, आणि दोघांचेही अर्धवट. कागदावर मिटण्यासारखा वाद नव्हता. म्हणून होडी बांधून समुद्रात न्यायची ठरली. माझ्या आयुष्यात मी एकच दावा केला, दादा, तो हा. बाकी सगळी टिपणं.

होडी आपण दोघांनी बांधली. निघण्याआधी विद्यापीठाने मला बोलावून घेतलं. परवानग्या, सह्या, भाषण, नसत्या उठाठेवी. पुरती अडकले मी तिकडे. तू निरोप पाठवलास की खालच्या फळ्यांचे टाके सैल पडलेत, मी उसवून परत घालतो, तू काळजी करू नकोस. मी परत आले तर खालची सगळी शिवण नवी, एकसारखी, बघत राहावी अशी. ज्याला पोत्यावरचा टाका धड जमत नव्हता, त्याने माझ्यासाठी अख्खा तळ पुन्हा शिवला होता! तुझे हात कोपरापर्यंत सोलवटून लाल झाले होते. मी मलम आणलं. तू म्हणालास, फळ्यांना लावायचं नवीन तेल सोसलं नाही. मी त्या हातांना मलम लावताना रडले होते. पुढे पुस्तक निघालं तेव्हा पहिल्या पानावर मी छापलं, ‘माझ्या दादाला, ज्याने एकेक टाका पुन्हा घातला.’ ते पान उघडून तू बराच वेळ बघत बसला होतास आणि मग बाहेर निघून गेलास. मला वाटलं, गहिवरलाय.

समुद्रात काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. होडी गेली आणि परत आली. वारा फिरला, लाटा अंगावर आल्या, शीड फाटलं, पण तळ ठाम. पाणी उपसायला घेतलेलं मोठं पातेलं इतकं कोरडं राहिलं की शेवटी आम्ही त्यात कांदे-बटाटे ठेवायला लागलो. सांधे कुरकुरायला हवे होते, ते कुरकुरले नाहीत. मला तेव्हा शंका यायला हवी होती, असं तू म्हणशील. अरे, मला आनंद झाला! मी त्यावर अख्खं चौथं प्रकरण लिहिलं. जुने कारागीर दोरी इतकी ताणून बांधत की सगळ्या फळ्या मिळून एकच लाकूड होई, होडी हलतच नसे, म्हणून फळ्या बारीक चालत, फासळ्या थोड्या चालत. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. मुलं त्यावर परीक्षेत उत्तरं लिहितात. एका देखण्या, पटण्यासारख्या, साफ खोट्या गोष्टीची मी जगातली सर्वांत मोठी जाणकार आहे.

आता संग्रहालयात काय झालं ते सांगते. वहिनीने तुला अर्धंच सांगितलं असेल. तिथे ठेवलेल्या आपल्या होडीच्या दोऱ्या इतक्या वर्षांत कुजल्या होत्या. संचालकबाईंनी मला बोलावलं की तुम्हीच टाके काढा आणि तुम्हीच नवे घाला. सुट्टीचा दिवस होता, दालन रिकामं. खाली गाद्या अंथरल्या होत्या, दोन्ही बाजूंना टेकू लावले होते, आणि संग्रहालयाची माणसं फळ्या झेलायला हात पुढे करून उभी होती. मी बाबांच्या आखूड सुरीने टाके कापत गेले. सगळ्यात वरची फळी सुटली आणि अलगद त्यांच्या हातांत आली, जशी यायला हवी तशी. तिच्या खालचीही आली. मग तळाकडच्या फळ्यांची पाळी. टाके कापले, सांध्यावर दाबून बसवलेला काथ्या ओढून काढला, टेकू सैल केले. काही नाही. फळी जागची हलेना. दुसऱ्या बाजूचे कापले, तरी नाही. सगळी दोरी जमिनीवर ढीग होऊन पडली होती आणि होडी जशीच्या तशी उभी. झेलणारे हात पसरून उभेच, एखाद्या बारशाला बोलावून बाळच न आणल्यासारखे. कोणीतरी हसलं. मग संचालकबाई म्हणाल्या, ‘बघा! लाकूडच एकजीव झालं! काय ती जुन्यांची विद्या!’ आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या.

मी सांध्याला नख लावलं. आत मधासारखं पिवळट, काचेसारखं कडक काहीतरी होतं. ते ओळखायला मला पुस्तक उघडावं लागलं नाही. तुझ्या मागच्या शेडमध्ये दोन डब्यांतलं एकत्र कालवून लावतात तो गोंद. इपॉक्सी. फळीच्या कडेला असा भरलेला की बाहेर थेंब ओघळलेला नाही, आणि वरून काथ्या, आणि काथ्यावर ती बघत राहावी अशी शिवण. इतका सफाईचा हात मी एकाच माणसाचा पाहिलाय. आणि ते सोलवटलेले हात, कालवताना हा गोंद कातडी खातो. तेल सोसलं नाही म्हणे! मी तिथे उभी होते, टाळ्या चालू होत्या, आणि मला एवढंच कळत होतं की मी बोलले तर आत्ता, नाहीतर मग बोलणं अवघड होत जाईल. मी सुरीने गोंदाचा एक कपचा खरवडला आणि मुठीत धरून बाहेर आले. दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या अक्षरांत आलं, ‘दोर कुजले, होडी अभंग.’ बाजूला माझा फोटो, तोंड उघडं. लोकांना वाटलं, कौतुकाने.

त्यानंतर मी तुला फोन करून गोंदाबद्दल विचारलं आणि तू ‘हं’ म्हणून ठेवून दिलास. एवढ्या एका ‘हं’मध्ये सगळं आलं. मागून वहिनीचा फोन आला. ती तुझ्या वतीने भांडली, चांगली भांडली. ‘वन्सं, पाठची बहीण उघड्या समुद्रात जायला निघाली, मोटरबोटसुद्धा नको म्हणते, कोणाच्या बापाचं ऐकत नाही. त्यांनी काय करायचं होतं? हात जोडून बघत बसायचं होतं? जिवंत परत आलात ना? मग झाकली मूठ झाकलेलीच राहू द्या. कोणाचं काय बिघडलंय?’ वहिनीवर माझा राग नाही. नवऱ्याने गप्प राहायला सांगितलेली गोष्ट तिने इतकी वर्षं पोटात ठेवली, ते सोपं नसणार. पण कोणाचं काय बिघडलंय, याचं उत्तर मी तुलाच देते.

सरांचं बिघडलं. आम्ही परत आलो तेव्हा ते धक्क्यावर आले होते, काठी टेकत. होडीच्या पोटावर हात ठेवून उभे राहिले, मग कान लावला. नंतर भर सभेत उठून म्हणाले, ‘या विषयात मी आयुष्यभर चुकीचं शिकवलं. बाईंचं बरोबर आहे.’ सगळ्यांनी त्यांच्या दिलदारपणाचं कौतुक केलं. घरी जाऊन त्यांनी त्या विषयावरचं अर्धं झालेलं लिखाण कायमचं बंद केलं. त्यांची खुर्ची मला मिळाली. ते गेले ते आपण चुकलो असं मानून गेले, दादा, आणि ते चुकले नव्हते. निदान ते चुकले असं कोणी सिद्ध केलं नव्हतं. तुझ्या दोन डब्यांनी एका चांगल्या म्हाताऱ्याचं तोंड बंद केलं. आता मी कोणाच्या पाया पडू, कुठे जाऊन सांगू की सर, सांधे हलायला हवे होते, ते हलले नाहीत कारण माझ्या भावाने ते चिकटवले होते?

आणि माझं बिघडलं. तू मला वाचवलंस, असं तुम्ही दोघं मानता. कशावरून? दोरी कदाचित टिकलीही असती! हे कधी तुझ्या मनात आलं का? पाणी आत आलं असतं, आम्ही उपसत बसलो असतो, हात मोडून आले असते, आणि कदाचित आम्ही पोचलोही असतो. नाहीतर पहिल्याच दिवशी हार मानून माघारी वळलो असतो आणि मी सरांसमोर उभी राहून म्हणाले असते, तुमचं बरोबर. तेही चाललं असतं. हरणं हेसुद्धा माझ्या कामातलंच आहे, अर्धा इतिहास फसलेल्या गोष्टींचा असतो. तू मला जिंकू दिलं नाहीस आणि हरूही दिलं नाहीस. हरभऱ्याच्या झाडावर चढवून मात्र ठेवलंस, आणि दर सत्काराला पहिल्या रांगेत खाली मान घालून बसलास. एकदाही तुला वाटलं नाही का, हिला बाजूला घेऊन सांगावं? पहिल्या वर्षी सांगितलं असतंस तर मी तुझ्याशी वर्षभर बोलले नसते आणि मग बोलले असते. पुस्तक निघायच्या आधी तरी. सर असताना तरी. मूग गिळून बसणं तुला इतकं छान जमतं हे मला माहीत नव्हतं.

यात सगळ्यात वाईट काय ते अजून सांगितलं नाही. मध्यंतरी तुझा फोन आला होता, आठवतं? भिंगरीला जाऊ देऊ नकोस, तुझं ऐकेल ती, असं म्हणालास. मी कारण विचारलं तर म्हणालास, ‘मला वाटतं म्हणून.’ मी तुला झापलं. बापाला वाटतं म्हणून विद्या थांबत नसते, वगैरे बरंच काही बोलले. मग थोड्या दिवसांनी तुझा जुना रंगारी तिच्या शेडवर दोन डबे घेऊन आला. ‘मालकांनी सांगितलंय, सांध्यात हे भर, कोणी विचारलं तर राळ आहे म्हण.’ भिंगरीने डबे त्याच्याच सायकलला लटकवून परत पाठवले आणि मला येऊन सांगितलं. आम्ही दोघी पोट धरून हसलो. बाबांचा जीव फायबरमध्येच अडकलाय, असं ती म्हणाली. आज ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो. म्हणजे तू पुन्हा तेच करायला निघाला होतास. पोरगीही वाचावी, बहिणीचं नावही राहावं आणि आपल्याला तोंडही उघडावं लागू नये! सगळं जग दोन डब्यांत बसतं असं वाटतं का तुला?

मी तिला सांगितलं. पेपरात फोटो आला त्याच आठवड्यात तिच्या शेडमध्ये गेले. ती होडीच्या आत बसून दोरी बाहेर ढकलत होती, बाहेरचा सोबती ती ओढून परत आत देत होता. सकाळपासून तेच. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. संग्रहालयातून खरवडून आणलेला गोंदाचा कपचाही दाखवला. तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, ‘आत्या, संग्रहालयवाले काय वाटेल ते भरतात. मागे त्यांनी नांगराला चंदेरी रंग दिला होता, तूच सांगितलं होतंस.’ मी म्हटलं, गोंद काथ्याच्या आतल्या बाजूला होता, शिवण न उसवता तिथे हात पोचत नाही. त्यावर ती थांबली आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, ‘बाबांनी गळ घातली ना तुला?’ आधी तुझा फोन, मग तुझे डबे, मग मी. तिच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. मी शपथा घेतल्या. तिने हातातली दोरी खाली ठेवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, ‘तू घाबरलीस गं. होतं असं वयाने.’ माझ्या पुस्तकावर तिचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. पेपरातलं ते कात्रण तिने शेडच्या दारावर चिकटवलंय आणि त्यानंतर अजून दोन फासळ्या कमी केल्यात.

मी हात बांधून बसले नाही. संग्रहालयाला लेखी कळवलं. त्यांनी समिती नेमली आहे. तिची पहिली बैठक कधी घ्यायची यावर सध्या विचार चालू आहे. प्रकाशकाला म्हटलं, पुस्तक थांबवा, तर तो म्हणतो, आत्ता कुठे परत मागणी वाढलीय. बंदराच्या साहेबांकडे गेले. त्यांनी विचारलं, बाई, होडी बुडेल असं तुम्ही म्हणता, पण बुडत नाही असं लिहिलंयसुद्धा तुम्हीच ना? आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. मी परवा तिच्या होडीच्या आत बसून आले. ती सोबत्याला म्हणाली, आत्याला आठवण येत असेल. मी फळीवर तळवा टेकवला आणि दुसऱ्या बाजूने त्या मुलाने नुसतं गुडघ्याने दाबलं, तर फळी माझ्या हाताखाली वाकली. खाली अजून पाणी नाही, लाट नाही, कोरड्या जमिनीवर आहे ती. माझ्या चौथ्या प्रकरणाबरहुकूम, अगदी तंतोतंत बांधलेली.

म्हणून हे पत्र. माफीसाठी नाही, तुझ्याकडून माफीचा शब्द मला नको आहे आणि मी तुला माफ केलेलंही नाही. तू इकडे ये. भिंगरी माझं ऐकणार नाही, कागदाचं ऐकणार नाही, साहेबांचं तर नाहीच. तिला तुझ्या तोंडून ऐकावं लागेल, कारण गोंद कुठून कुठपर्यंत भरला, कुठला सांधा आधी केलास, शेवटी डबा संपला तेव्हा काय केलंस, हे फक्त तुला ठाऊक आहे, आणि असल्या गोष्टी कोणी बनवून सांगू शकत नाही हे होडी बांधणाऱ्या पोरीला बरोबर कळतं. तिच्या शेडमध्ये उभा राहा आणि तिच्या सोबत्यांदेखत सांग की आत्याचं पुस्तक खोटं आहे आणि ते तू खोटं केलंस. ती तुला वाटेल ते बोलेल. बोलू दे. माझं नाव, माझी खुर्ची, सरांच्या तोंडचं ते एक वाक्य, सगळं त्याबरोबर जाईल. त्याची व्यवस्था मी मनात लावून ठेवली आहे, तू माझी दया येऊन पुन्हा गप्प बसू नकोस. तेवढं एक करू नकोस. भरतीला फार दिवस उरलेले नाहीत. पत्र मिळालं की पहिली गाडी मिळेल ती धर. वहिनीला घेऊन ये, नाहीतर एकटा ये. स्टेशनवर मी घ्यायला येईन. बोलणार नाही तुझ्याशी, पण येईन.

इतकं होऊनही तुझीच,
बहीण